बॉम्ब आधी दाखव

अगं, तुझ्या शॉर्ट फिल्मचा पहिला सीन बघितला, आधी असाच बघितला आणि मग हेडफोन लावून नीट. लोकेशन फार छान निवडलंयस, रात्रीचा एसटी स्टँड, फलाटावर झोपलेली माणसं, ट्यूबलाइटचा तो पांढराफटक उजेड, सगळं खरं वाटतं. पण तू विचारलंयस की टेन्शन का येत नाही, तर त्याचं उत्तर आधी कॅमेऱ्यात किंवा म्युझिकमध्ये शोधायला जाऊ नकोस. तुझा हिरो बाकावर बसून घाम पुसतोय, सारखं घड्याळ बघतोय, तू दर दोन सेकंदांनी कट मारतेयस, खाली धडधड म्युझिक चालूये, मधेच वरून ड्रोन शॉट, आणि सगळ्यात शेवटी कळतं की बाकाखालच्या बॅगेत पिस्तूल आहे. म्हणजे तो घाबरलाय हे मला दिसतंय, पण मी कशाला घाबरायचं ते तू सांगितलेलंच नाहीस. ती एकच गोष्ट मला आत खेचणारी होती आणि तीच तू शेवटपर्यंत लपवून ठेवलीस.

सस्पेन्स फिल्मवाल्या दिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुला माहीत असेलच. माणसं गप्पा मारतायत आणि एकदम स्फोट झाला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो, पण बॉम्ब आधी दाखवला तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. हे सगळे बोलून दाखवतात, पण प्रत्यक्षात ते कसं करायचं हे शिकायचं असेल तर ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' (1958) लाव आणि फक्त पहिली साडेतीन मिनिटं बघ. आधी आवाज बंद करून बघ, मग चालू करून.

पहिल्याच फ्रेममध्ये दोन हात आणि हातात टायमर लावलेला बॉम्ब. हात टायमर फिरवतो. कुठूनतरी बाईच्या हसण्याचा आवाज, तो माणूस वळतो, लांबून एक जोडपं येताना दिसतं. तो पळत जाऊन बॉम्ब गाडीच्या डिकीत टाकतो आणि गायब होतो, त्याचा चेहरा आपल्याला धड दिसतसुद्धा नाही. जोडपं येऊन गाडीत बसतं, गाडी निघते, कॅमेरा क्रेनवरून वर जाऊन छपरांच्या वरून फिरतो आणि पलीकडच्या रस्त्यावर तीच गाडी परत पकडतो. इथून पुढे खरी मजा आहे. कॅमेरा गाडीला चिकटून राहतच नाही, रस्त्यानं चालत येणाऱ्या दुसऱ्याच जोडप्याबरोबर तो मागे मागे सरकायला लागतो. चार्ल्टन हेस्टन आणि जॅनेट ली, म्हणजे फिल्मचे हिरो-हिरॉइन, नुकतंच लग्न झालेलं, खुशीत आहेत, त्यांना कशाचीच कल्पना नाही. गाडी त्यांच्या जवळ येते, मागे पडते, पोलीस थांबवतो म्हणून थांबते, मधेच बकऱ्यांचा कळप आडवा येतो, मग मेक्सिको-अमेरिका बॉर्डरच्या चौकीवर दोन्ही जोडपी अगदी शेजारी शेजारी येऊन उभी राहतात, आणि चौकीवरच्या माणसाला गप्पाच मारायच्या आहेत. गाडीतली बाई सांगते की माझ्या डोक्यात टिकटिक होतेय, तर तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. शेवटी गाडी फ्रेमच्या बाहेर जाते, नवराबायको एकमेकांच्या जवळ येतात आणि मग स्फोट. अख्ख्या सीनमधला पहिला कट तिथे आहे.

आता हे कसं चालतं ते बघ. कट नाही म्हणजे वेळ खरा आहे. एडिटर कटमध्ये वेळ चोरू शकतो, एक मिनिटाचं दहा सेकंद करतो किंवा दहा सेकंदांचं एक मिनिट, आणि प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता आलं नाही तरी आतून माहीत असतं. इथे टायमर फिरलेला तुझ्या डोळ्यांसमोर आणि त्यानंतर सुटकाच नाही, बॉम्बचा वेळ आणि तुझा वेळ एकच. दुसरं म्हणजे उशीर करणाऱ्या सगळ्या गोष्टी किरकोळ आहेत, ट्रॅफिक पोलीस, बकऱ्या, चौकीवरची चौकशी, एकही गोष्ट मुद्दाम आणून ठेवल्यासारखी वाटत नाही. तिसरं, लेन्स वाइड आहे आणि मागचंसुद्धा सगळं फोकसमध्ये आहे, त्यामुळे पुढे माणसं बोलत असताना तुझा डोळा आपोआप मागे गाडी शोधत राहतो. दिग्दर्शकानं बोट दाखवायची गरजच नाही, प्रेक्षक स्वतःहून कामाला लागलाय. मला विचारशील तर ह्या सीनमधलं सगळ्यात मोठं कसब हेच आहे, क्रेनपेक्षाही मोठं. कॅमेरामन रसेल मेटी, आणि शूटिंग मेक्सिकोत नाही बरं का, लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागात झालंय.

म्युझिकचं तर नीट ऐक, कारण तुझा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम तिथेच आहे. स्टुडिओनं ह्या शॉटवर नावांची पट्टी टाकली आणि हेन्री मॅन्सिनीचं म्युझिक लावलं. म्युझिक वाईट नाही, मला ते आवडतं, पण वेल्सला ते तिथे नको होतं. त्याला रस्त्यावरच्या प्रत्येक क्लबच्या लाउडस्पीकरमधून येणारी वेगवेगळी गाणी एकमेकांत मिसळलेली हवी होती. स्टुडिओचा कट बघून त्यानं 58 पानांचा मेमो लिहिला, असं करा, तसं करा, आणि त्यातलं बरंचसं कोणी ऐकलं नाही. तो 1985 मध्ये गेला. 1998 मध्ये एडिटर वॉल्टर मर्चनं तो मेमो समोर ठेवून फिल्म परत एडिट केली, नावं काढली, थीम म्युझिक काढलं, रस्त्याचे आवाज आणि गाडीतला रेडिओ ठेवला. आता गाडी फ्रेममध्ये नसली तरी रेडिओ जवळ आला की पोटात गोळा येतो. दोन्ही व्हर्जन पाठोपाठ बघ. पहिल्यात म्युझिक तुला सांगतं की टेन्शन आलंय, दुसऱ्यात तू स्वतः कान टवकारून बॉम्ब शोधतेस.

ह्याचा अर्थ म्युझिक वापरूच नये असा नाही. 'जॉज' ह्या शार्कच्या फिल्मच्या पहिल्या सीनमध्ये शार्क एकदाही दिसत नाही, जॉन विल्यम्सचे ते दोन सूर म्हणजेच शार्क, म्हणून ते असायलाच हवेत. तुझं म्युझिक कोण आहे? कोणीच नाही, म्हणून काढ.

आणि हो, हे वाचून लगेच गिम्बल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा स्टँड) भाड्यानं आणून एका शॉटमध्ये अख्खा स्टँड फिरायला निघू नकोस. हल्ली फोनवरसुद्धा लाँग टेक, म्हणजे कट न मारता एकच लांब शॉट, घेता येतो आणि खूप जण तो घेतात, पण बॉम्ब दाखवलेला नसेल तर ते नुसतं चालणं होतं. क्रेन नाही, पैसे नाहीत, कट मारायचेच आहेत, तर फ्रिट्झ लांगचा 'एम' (1931) बघ. बर्लिनमधल्या चाळीसारख्या इमारतीच्या आवारात पोरं गोल करून लहान मुलांना मारणाऱ्या खुन्याचं गाणं म्हणतायत, वर एक आई कपडे धुतेय, घड्याळात बारा वाजतात, ती मुलीचं ताट मांडते. तिकडे मुलगी चेंडू आपटत येते आणि ज्या पोस्टरवर आपटते तेच खुन्याला पकडून देणाऱ्यासाठी दहा हजार मार्कांच्या बक्षिसाचं पोस्टर. त्याच्यावर एक सावली पडते आणि म्हणते, काय छान चेंडू आहे तुझा. नंतर आई जिन्यात हाका मारते, एल्झी, एल्झी, आणि लांग काय दाखवतो, तर रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला रिकामा माळा, रिकामं ताट, झुडपातून घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेलाच नाही आणि खुन्याची शिट्टी सोडली तर पार्श्वसंगीताचा एक सूर नाही. आपल्याला माहीत होतं ते गाणं आणि ते पोस्टर, बस, बाकी सगळं आपण डोक्यात भरतो.

तर आता तुझा सीन. पिस्तूल पहिल्या शॉटमध्ये आण. कोणाचे तरी हात, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पिस्तूल, बॅगेची चेन ओढल्याचा आवाज, बॅग बाकाखाली सरकवली, माणूस गेला. मग तुझा हिरो येऊन बसेल आणि त्याला घाम फुटता कामा नये, त्याला काही माहीतच नाही, त्याला भूक लागलीये, तो वडापाववाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालतोय. शेजारी एक बाई लहान पोराला घेऊन बसू दे, पोराचे पाय लोंबकळतायत आणि टाच मधूनमधून बॅगेला लागतेय. एक हवालदार येऊ दे, त्यानं काही करायचं नाही, फक्त तंबाखू मळत तिथे उभं राहायचं. कॅमेरा बाकाच्या उंचीवर ठेव, म्हणजे चेहरे आणि बॅग एकाच फ्रेममध्ये येतील, आणि बॅगेचा वेगळा क्लोजअप परत घेऊ नकोस, अजिबात नको, एकदा दाखवलीस तेवढी पुरे. टायमर तुझ्याकडे आयताच आहे, स्टँडवरची अनाउन्समेंट. गाडी फलाट चारवर लागतेय हे ऐकू आलं की बाई उठणार, हिरो उठणार, आणि बॅग कोण उचलणार हा प्रश्न तू कोणालाही न विचारता प्रेक्षकाच्या मनात येणार.

ड्रोन शॉट काढून टाक. सुंदर आहे, मला मान्य आहे, पण इतक्या वरून बॅग दिसत नाही.

आधी एक दिवस नुसती रेकॉर्डर घेऊन स्टँडवर जा, अकरा ते बारा. इंजिनची घरघर, कंडक्टरची डबल बेल, पाण्याच्या बाटल्या विकणारा पोरगा, कोणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं, सगळं वेगवेगळं घे, जवळून आणि लांबून दोन्ही. मग नवा कट बिनम्युझिकचा कर आणि त्याच्यासोबत त्या आवाजांच्या फाइल्सही पाठव, मिक्सिंगला आपण एकत्र बसू.