अर्णव वैभव की रुद्र वैभव?

मुलगा झाला की नातेवाइकांकडून नावांच्या याद्या यायला लागतात. यादीत नाव सुटं असतं, हजेरीपटावर मात्र ते वडिलांच्या नावाला चिकटूनच येत आलंय. (आता मध्ये आईचंही नाव येतं, ते पुढे ठाण्याच्या प्रश्नात पाहू.) आपल्याकडे मधलं नाव निवडायचा प्रश्नच नसतो. ते आधीच ठरलेलं, म्हणून पहिलं नाव त्याच्या बेतानं घ्यावं लागतं. वाचकांचे या वेळचे बहुतेक प्रश्न याच अडचणीचे आहेत.

नवऱ्याचं नाव वैभव, आडनाव सावंत. बाळासाठी ‘अर्णव’ आवडलंय, पण पूर्ण नाव घेताना जीभ अडखळते. असं का? (कणकवली)

‘अर्णव’मधला शेवटचा अ आपण बोलताना गिळतो. नाव ‘व्’वर थांबतं आणि लगेच वैभवचा व सुरू होतो. दोन्ही व एकमेकांवर आदळतात आणि ऐकणाऱ्याच्या कानावर ‘अर्णवैभव’ असं काहीतरी पडतं. वर वैभवही व वरच संपतो आणि सावंतांतही एक व आहेच. ‘विहान निखिल’, ‘ओम मयूर’, ‘नील ललित’ यांचीही हीच गत. उलट रुद्र, शौर्य, अथर्व अशी जोडाक्षरानं संपणारी नावं शेवटचा अ राखतात, त्यामुळे पुढच्या नावाआधी जिभेला उसंत मिळते. म्हणून ‘अथर्व वैभव’मध्ये व शेजारी व असूनही फारसं अडत नाही. ‘रुद्र वैभव सावंत’ तर खणखणीत वाजतं. ईशान, कबीर, अद्वैत हीसुद्धा चालतील.

लांबीकडेही बघा. वडील ज्ञानेश्वर असतील तर वेद किंवा नील शोभतो, वडील अमोल असतील तर अनिरुद्ध छान भरतो. यमक मात्र टाळा. ‘आरव राघव’ हे बडबडगीत झालं. घरातल्या कुणाला तरी शाळेतल्या बाईंसारखी भराभर हजेरी घ्यायला लावा, खरं काय ते लगेच कळेल. आणि एवढं करूनही मन अर्णववरच अडलं असेल तर खुशाल ठेवा. दिवसभर हाक तर नुसत्या ‘अर्णव’लाच जाणार आहे.

थोरला 2021 चा, त्याचं नाव तीन भागांचं. धाकटा गेल्या महिन्यात झाला. आता आईचंही नाव लावायचं म्हणतात, ते नेमकं कुठे? (ठाणे)

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी क्रम ठरलेला आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. थोरल्याला ही सक्ती नाही. दोघा भावांची नावं कमी-जास्त लांबीची दिसतील, दिसू द्या. मात्र यामुळे बाळाच्या नावाचा शेजार बदललाय, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. आता ते बाबांच्या नाही, आईच्या नावाशी जुळवून बघायचं. ‘ईशान महेश’ सुरेख, पण मध्ये नेहा आली की ‘ईशान नेहा’ला जीभ घसरते.

नावाची घाई करू नका. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते, पण तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. स्पेलिंग मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखलाच चालतो.

मामंजी गेल्या वर्षी वारले. सासूबाईंना वाटतं, नातवाला त्यांचंच नाव ठेवावं. मामंजी माधव, माझे मिस्टर विनायक. (सातारा)

प्रथा जुनी आहे. पेशव्यांत पाहा: बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव बल्लाळ आणि नातू पुन्हा बाळाजी बाजीराव. तुमच्याकडे ‘माधव विनायक’ ऐकायलाही गोड आहे. पण सातबाऱ्यावर आजोबा ‘माधव’ आणि त्यांचे वारस ‘विनायक माधव’ असतील, तर पुढे ‘माधव विनायक’ आल्यावर तलाठी कार्यालयात खुलासे करत बसावं लागू शकतं. घरात शेती असेल तर मी म्हणेन, पाळण्यात माधव ठेवा. आत्याला बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून तेच नाव सांगू द्या आणि कागदावर दुसरं घाला. सासूबाईंना हाक मारायला माधव मिळाला की त्या कागद बघायला जाणार नाहीत.

आम्ही न्यू जर्सीत असतो. हॉस्पिटलच्या फॉर्मवर मधल्या नावाचा रकाना आहे. बाबांचंच नाव लिहावं का? (न्यू जर्सी)

तिथे तो रकाना मोकळा आहे: आजोबा लिहा, दुसरं आवडतं नाव लिहा किंवा कोरा सोडा. सुनील गावसकरांनी मुलाला क्रिकेटपटू रोहन कन्हायवरून ‘रोहन’ आणि त्यापुढे जयसिंहा व विश्वनाथ या क्रिकेटपटूंवरून ‘जयविश्व’ असं नाव दिलं होतं. तसं काही सुचलं तर मजा आहे, नाही सुचलं तर बाबांचं नाव उत्तम. आजी-आजोबांना ते लगेच ओळखीचं वाटेल. एक पथ्य पाळा: बाबांच्या पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच लिहा आणि मधल्या नावाचे दोन सुटे शब्द करू नका. पासपोर्टवर पहिलं आणि मधलं नाव एकाच ओळीत येतं. त्यात तीन-चार शब्द झाले की विमानाच्या तिकिटावर कुठला गळाला हे शोधत बसावं लागतं.

मी अविवाहित आई आहे. बाळाच्या नावात वडिलांचं नाव नकोय. चालेल का? (नागपूर)

चालेल. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलंय की एकल किंवा अविवाहित आईने जन्म दाखला मागितला तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावं. नाव, आईचं नाव, आडनाव. नोंदणी कार्यालयात कुणी वडिलांचं नाव मागितलं तर प्रतिज्ञापत्र पुढे करा.

बाळाचं नाव पारस ठरलंय, वडील दत्तात्रय. मित्र आद्याक्षरांवरून हसतात. (अकोला)

‘पा. द.’! हसणारच. पु. ल., ग. दि. अशी आद्याक्षरं लावायची सवय मराठी माणसाला आहे, त्यामुळे वर्गातली मुलं ते चौथीतच शोधून काढतील. इंग्रजीतही एकदा लिहून बघा. आदित्य संतोष शिंदेचं ए. एस. एस. होतं. तिथे मधे आईचं मीनल आलं की प्रश्न सुटतो. तुमच्याकडे मात्र हसणारे आईचं अक्षर गाळूनही ‘पा. द.’च म्हणतील, म्हणून नाव बदलणंच बरं. पार्थ मात्र नको, तिथेही पहिलं अक्षर ‘पा’च.