ह्या ट्रिपला तू शेवटी चालव

पोरा,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला. सातारा ते गुहागर, सहा बाइक, शनिवारी पहाटे निघायचं, रात्री तिकडंच मुक्काम, आणि लीडर तू. बरं वाटलं वाचून, खोटं कशाला बोलू. जॅकेट कुठलं घेऊ, फॉग लाइट लावू का, असं बरंच विचारलंयस पण ते दुकानदार तुला माझ्यापेक्षा आनंदाने सांगेल. मला एवढंच सांगायचंय की ह्या ट्रिपला तू पुढं जाऊ नको, सगळ्यात मागं राहा.

आता चिडला असशील. गाडी सगळ्यात चांगली तुझी, हातही तुझाच साफ, आणि हा म्हातारा सांगतोय मागं राहा. अरे हात साफ आहे म्हणूनच सांगतोय.

माझी पहिली लांबची ट्रिप ह्याच रोडने झाली. पाच जण होतो, पोवई नाक्यावरून निघालो, मी पुढं, आणि पुढं म्हणजे काय, आरशात बघायचं असतं हेसुद्धा डोक्यात नव्हतं. अतीतला चहा मारला आणि जे सुटलो ते उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या रोडला लागलो, मल्हारपेठच्या जवळ आल्यावर मागं बघतोय तर तीनच गाड्या. चौथा जुन्या स्प्लेंडरवर होता, त्याला वळण दिसलंच नाही, तो सरळ कराडला गेला. मोबाईल होता पण बॅटरी मेलेली. आम्ही परत उंब्रजला, तिथून हायवेला खालीवर चकरा, प्रत्येक ढाब्यावर विचार, नको नको ते मनात यायला लागलं. आणि हा पठ्ठ्या कराडात रस्ता विचारून कराड-चिपळूण रोडने पाटणला पोचून एसटी स्टँडवर बसलेला. अडीच तास गेले. भेटल्यावर भांडला वगैरे नाही, हसून एवढंच म्हणला, "मला वाटलं वळणावर कोणतरी थांबेल." त्यानंतर तो आमच्याबरोबर कुठंच आला नाही. बोलावलं की काहीतरी काम निघायचं त्याचं.

वळणाचं म्हणून सांगतो, रोड बदलायचा असेल तिथं आपल्या मागच्या गाडीला आपण दिसेपर्यंत हलायचं नाही. प्रत्येकाने फक्त मागच्या एकाला सांभाळायचं, मग लीडरला सहाजण मोजत बसावं लागत नाही.

आता मागं का, तर गंमत बघ. पुढचा सत्तरने निवांत चाललेला असतो. मधे एक ट्रक येतो, तो काढून पुढं जातो, दुसऱ्याला गॅप मिळायला थोडा वेळ लागतो मग तो ताणतो, तिसरा त्याच्यापेक्षा ताणतो, आणि असं करत शेवटच्याला नुसतं बरोबर राहायलाच नव्वद-शंभर मारावे लागतात. म्हणजे ग्रुपमधली सगळ्यात फास्ट गाडी शेवटची असते आणि आपण तिथं कोणाला टाकतो, तर नवख्याला, कारण तो स्लो आहे. म्हणून स्लो गाडी सगळ्यात पुढच्याच्या लगेच मागं दोन नंबरला घ्या, सगळ्यांचा स्पीड ती ठरवेल, आणि ज्याला गाडी कळते तो शेवटी. पंक्चर किट, पंप, क्लच केबल, दोरी सगळं त्याच्याच गाडीवर, कारण बंद पडलेल्या गाडीजवळ तोच पोचतो. किट लीडरच्या डिकीत आणि लीडर वीस किलोमीटर पुढं, हे पण आम्ही करून झालंय.

अंतराचं सांगायचं तर ऐंशीच्या स्पीडला एका सेकंदात गाडी बावीस मीटर जाते. पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंद ठेव. हायवेला सरळ एकामागं एक न चालता एक जरा डावीकडं, एक जरा उजवीकडं, म्हणजे समोरचं दिसतं. घाटात मात्र एकच लाइन.

आणि सध्या उसाचा सीझन चालूय हे विसरू नको. पहाटे अंधारात डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, वर गाणी फुल्ल, हॉर्न त्याला ऐकूच जात नाही. सांडलेल्या कांड्यांवरून पुढचं चाक गेलं की काठीवर पाय पडल्यासारखं निसटतं. त्यात सहापदरीचं काम, डायव्हर्जन कुठं येईल सांगता येत नाही. त्यामुळं उजाडायच्या आत निघायचा हट्ट नको, चांगलं उजाडल्यावरच निघा, गुहागर कुठं पळून जात नाही.

कुंभार्ली घाट उतरताना न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारा एक तरी असतोच ग्रुपमधे, त्याला आधीच दम दे. ज्या गियरमधे तो घाट चढला असता त्यातच उतरायचा. ड्रम ब्रेक सारखा दाबून ठेवला की तापतो आणि मग पायाखाली नुसती पोकळी लागते, एकदा अनुभवलंय, परत नको. चढणाऱ्या गाडीला आधी जागा द्यायची.

एक फायदा पण सांगतो मागं राहण्याचा. मी लीडर असताना कोयनानगर कधी बघितलंच नव्हतं, नुसतं घड्याळ बघायचो. मागं राहायला लागल्यावर तिथल्या टपरीवर निवांत बसलो तेव्हा एका आजोबांनी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप सांगितला, चहा गार झाला तरी कोणी उठेना. आणि आपण जो घाट गाडीने उतरतो ना, तोच डोंगर कोयनेचं पाणी बोगद्यातून उतरतं, पोफळीला वीज होते आणि ते पाणी पुढं चिपळूणच्या वाशिष्ठीला मिळतं. घाट संपल्यावर पोफळी लागेल, सगळ्यांना दाखव.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी घेऊन ये. चेन मधोमध बोटाने वरखाली करून बघू, दोन-तीन सेंटीमीटर हलली तर ठीक, जास्त असेल तर ताणू. हवा थंड टायरमधेच बघायची, तेव्हा येताना वाटेत भरू नको, माझ्याकडं पंप आहे. किटची जुनी पिशवीपण घेऊन जा. आतल्या टॉर्चचे सेल गेलेत, ते तेवढे तू आण.

तुझा काका