दर्जाचा आग्रह कोणत्या कागदावर लिहावा?

प्रश्न : फोंड्याजवळ आम्हा दोघा मित्रांची पाच माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. लहान हॉटेलांसाठी आरक्षणाची आणि बिलाची प्रणाली आम्ही तयार करतो. पुरेशी चाचणी झाल्याशिवाय काम द्यायचे नाही, असे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले होते. आता एक मोठे रिसॉर्ट नाताळापूर्वीच नवा भाग हवा म्हणून अडून बसले आहे आणि एक गुंतवणूकदार 30 टक्के भागाच्या बदल्यात पैसे द्यायला तयार आहे. भागीदार म्हणतो, तत्त्वांचे नंतर पाहू. काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या भागीदाराला दोष देऊ नका, त्याच्या डोळ्यांसमोर महिनाअखेरचे पगार आहेत. मात्र जे फक्त तोंडी ठरले आहे, त्यावरून दर नाताळात नव्याने वाद होणार, म्हणून ते करारात उतरवा.

दर्जा म्हणजे काय, हे आपल्याच धंद्यातल्या उदाहरणाने पाहू. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर 5 टक्के आणि त्याहून अधिक भाड्यावर 18 टक्के जीएसटी आहे. नेमक्या 7,500 रुपयांची खोली 5 टक्क्यांत बसते. पण प्रोग्राममध्ये ‘कमी किंवा तितकेच’ याऐवजी नुसते ‘कमी’ लिहिले गेले, की तिच्यावरचा कर 375 रुपयांऐवजी 1,350 रुपये होतो. 7,499, 7,500 आणि 7,501 हे तीन आकडे घालून पाहिले तर ही चूक पाच मिनिटांत सापडते. नाहीतर ती सापडते सकाळी रिसेप्शनवर, विमान गाठायच्या घाईतला पाहुणा बिल हातात घेऊन उभा असताना.

आम्हीही सुरुवातीला एकदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अर्धवट तपासलेला बदल चढवला होता आणि कळंगुटच्या एका हॉटेलात एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली. ती रात्र मी फोनवर काढली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक करारात, 15 डिसेंबर ते 5 जानेवारी या काळात तातडीची दुरुस्ती सोडून चालू प्रणालीत कोणताही बदल होणार नाही, असे एक कलम असते. रिसॉर्टला असेच सांगा, आणि फारच निकड असेल तर मागितलेल्या भागाचा लहान, पूर्ण तपासलेला तुकडा आत्ता द्या. चाचणीचे तास मात्र दरपत्रकात वेगळे दाखवू नका. वेगळी ओळ दिसली की गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच खोडायला सांगतो.

नकार द्यायचा तर गाठीला पैसा लागतो. आपली उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, झालेली असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार गिऱ्हाइकाला पैसे चुकते करण्यासाठी 45 दिवसांहून अधिक मुदत लावून घेता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे लागते. व्याज मागायची वेळ सहसा येत नाही. बिलावर त्या कायद्याचा उल्लेख असला तरी बराच फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

गुंतवणूकदाराबाबत मी अधिक सावध राहीन. पैसा आला की माणसे वाढवा, असा आग्रह येतो. पाच जणांत आपसांत बोलण्याच्या जोड्या 10 असतात, दहा जणांत त्या 45 होतात, आणि चुका बहुधा त्या जोड्यांमध्येच शिरतात. शिवाय आपली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर तिची नियमावली (आर्टिकल्स ऑफ असोसिएशन) बदलायला विशेष ठराव लागतो, आणि त्या ठरावाला विरोधातील मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने लागतात. म्हणजे 30 टक्के मते हाती असलेला माणूस आपल्या कंपनीची नियमावली बदलू शकत नसला, तरी आपण सुचवलेला बदल एकटा अडवू शकतो. म्हणून जे हवे ते आधीच लिहून घ्या. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 5 नुसार, ठरावीक तरतुदी विशेष ठरावाहूनही कडक अटींशिवाय बदलता येणार नाहीत, अशी सोय नियमावलीत करता येते. कंपनी स्थापन झाल्यानंतर त्यासाठी सर्व सभासदांची संमती लागते. आज सभासद आपण दोघेच असाल, तर भागीदाराचे मन वळवणे एवढेच काम उरते. गुंतवणूकदार आत आल्यावर त्याचीही संमती मागावी लागेल. तेव्हा कंपनी सेक्रेटरीकडे याच आठवड्यात जा, आणि जाताना भागीदाराला बरोबर न्या.