साताऱ्यातच शोध बाळा

बाळा,

तू लिहिलंस की काका, दारू सोडायला ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची मीटिंग साताऱ्यात नको, मी सांगलीला तुमच्या ग्रुपलाच येतो, इथं सगळे ओळखतात. ये की. विश्रामबागला उतर, मी घ्यायला येतो. पण एकदाच ये, दर आठवड्याला नको, आणि का नको ते सांगतो.

मीटिंगची खरी गरज पडते संध्याकाळी सातच्या सुमारास, काम सुटलेलं असतं, मित्राचा फोन येतो 'बसायचं का', आणि डोक्यात दुसरं काहीच राहत नाही. त्या वेळी मीटिंग वीस मिनिटांवर असेल तर माणूस रडतखडत का होईना पोचतो. सव्वाशे किलोमीटरवर, पेठ नाक्यावरून एसटी बदलत असेल तर पावसाळ्यातल्या दुसऱ्याच आठवड्यात कारण तयार होतं. बऱ्याच जणांचं असंच झालेलं मी बघितलंय, लांबची मीटिंग लपायला सोयीची असते पण टिकायला अवघड.

आणि ओळखीचं कोण भेटेल म्हणून घाबरतोस ना, तर नीट विचार कर. त्या खोलीत जो तुला ओळखेल तो स्वतः कशासाठी बसलाय तिथं? ए.ए.मध्ये फॉर्म नाही, फी नाही, हजेरीचं रजिस्टर नाही, पहिलं नाव सांगितलं की पुरे, ते पण नको वाटलं तर गप्प बसून ऐक. अट एकच, दारू सोडायची इच्छा. ओपन मीटिंगला कोणीही येऊ शकतं, घरचे सुद्धा, क्लोज्ड असेल तर फक्त आपल्यासारखे. तुला लोकांची जास्त धास्ती असेल तर क्लोज्डपासून सुरू कर.

आता शोधायचं कसं. ए.ए. इंडियाच्या वेबसाइटवर गावांप्रमाणे मीटिंगची यादी आणि फोन नंबर असतात. पण यादी बघून थेट जाऊन उभा राहू नकोस, आधी फोन कर. हे ग्रुप बाहेरच्या कोणाकडून देणगी घेत नाहीत, सभासदच आपसात पैसे जमवून शाळेचा वर्ग नाहीतर एखादा हॉल भाड्यानं घेतात, त्यामुळं जागा बदलते, वार बदलतो, यादी मागं राहते आणि नवा माणूस कुलूप बघून परत जातो. असा परत गेलेला पुन्हा येईलच याची खात्री नसते रे, म्हणून सांगतोय. फोनवर विचार, आज आहे का, मराठीत चालते का, ओपन की क्लोज्ड, कुठल्या गेटनं आत यायचं. पंधरा मिनिटं आधी पोच, तेव्हा दोघं तिघं खुर्च्या मांडत असतात, एक खुर्ची तू पण उचल, मग आत जायचं अवघड वाटत नाही.

फोन करायला लाज वाटते म्हणतोस. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावात बिल नावाचा माणूस हॉटेलात अडकला होता, धंद्याचं काम फसलेलं, शेजारी बार चालू, आणि दारू सोडून थोडेच महिने झालेले. त्यानं बारमध्ये जायच्या ऐवजी चर्चच्या यादीवरून नंबर फिरवायला सुरुवात केली, मला कोणीतरी दारूत अडकलेला माणूस बोलायला गाठून द्या म्हणून. त्यातून डॉक्टर बॉब भेटले आणि त्या दोघांच्या बोलण्यातून ए.ए. उभं राहिलं. म्हणजे त्या माणसानं पण फोनच लावला होता बाळा, अनोळखी लोकांना.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्या पण आधी, आणि ही टाळू नकोस. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घाम येतो, एक पेग घेतला की थांबतं असं होतंय का? होत असेल तर मनानं एकदम बंद करू नकोस. रोजची जास्त दारू अचानक तोडली की दोन तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवावर बेततं. आधी सिव्हिलला जा, खरं किती पितोस ते सांग, डॉक्टर औषधं देऊन सुरक्षित सोडवतात. मीटिंगमधल्या कोणी त्या गोळ्या बंद कर म्हटलं तर ऐकू नकोस, तो विषय डॉक्टरांचा. आणि आईला सांग, जेवणातून गुपचूप द्यायचं औषध कुठलं आणू नको, दारू पोटात असताना तसली गोळी गेली तर घात होतो. तिनं माळ घाल म्हटलं तर घाल, त्यात आडकाठी काही नाही, पण माळ घालून मीटिंगला जा.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली परिवर्तन ही व्यसनमुक्तीची संस्था आहे, तिथं पण चौकशी कर. रात्री फारच वाटलं तर १४४४६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाचे वेगळे ग्रुप असतात, आईला त्याची गरज तुझ्याइतकीच आहे.

पहिल्या मीटिंगला आवडलं नाही तर लगेच निकाल लावू नकोस, चार पाच वेळा बस. कोणी लांबण लावेल, कोणाची गोष्ट तुझ्याशी जुळणार नाही, चालायचंच. ज्याचं बोलणं पटलं त्याचा नंबर मागून घे.

उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन लाव, तेव्हा डोकं शांत असतं, आणि काय उत्तर आलं ते मला लगेच कळव. कोणी उचललाच नाही तर तेही कळव, मी इथल्या माणसांकडून साताऱ्यातला ओळखीचा नंबर काढून देतो.

तुझा काका,
सांगली