प्रश्न तुमचे, उत्तरे तज्ज्ञांची

प्रश्न : एम.एस्सी. रसायनशास्त्र झाले आहे. कलावस्तू-जतनाचे विज्ञान शिकवायचे, त्यात संशोधनही करायचे आहे. घरातल्या जुन्या दस्तांवर सुरुवात करू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दस्तांना हात लावू नका! आधी नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेतले ‘जतन’ विषयाचे एम.ए. पाहा, मग पीएच.डी. नुसत्या रसायनशास्त्रावर निभत नाही. हातही तयार लागतो.

सराव नमुन्यांवर करा. टॅनिक आम्ल, फेरस सल्फेट, बाभळीचा डिंक यांची लोहयुक्त शाई करून गाळणकागदावर रेघा ओढा. बॅथोफेनॅन्थ्रोलिन या लोह ओळखणाऱ्या रसायनाची पट्टी ऊर्ध्वपातित पाण्याने ओलावून टिपकागदावर टिपा, रेघेवर अर्धा मिनिट दाबा. गुलाबी झाली, तर लोहाचे मोकळे फेरस आयन आहेत. पट्टी जास्त ओली राहिली की आयन पसरतात, रेघेभोवती डाग उमटतो. म्हणून टिपणे चुकवू नका. हेच आयन कागदाच्या तंतूंतल्या सेल्युलोजचे ऑक्सिडीकरण घडवतात, शाईतले आम्ल त्याच्या साखळ्या तोडते आणि अक्षराच्या जागी भोक पडते. काजळीच्या शाईतले बहुतेक मोडी कागद मात्र या दुखण्यातून सुटतात.

सोलापूरचा कोरडा उन्हाळा आणि त्यापाठोपाठचा पावसाळा यांतल्या आर्द्रतेचा कागदावरचा परिणाम हा पीएच.डी.साठी चांगला विषय. वर्षभराच्या नोंदी आजच सुरू करा.