रोगप्रतिकारशक्ती, प्रतिपिंड आणि त्यांचे सोबती

विचारणा अशी आहे : ‘रोगप्रतिकारक शक्ती’, ‘रोगप्रतिकारशक्ती’ आणि ‘रोगप्रतिबंधक शक्ती’ यांपैकी बरोबर काय? आणि अँटिबॉडीला, म्हणजे जंतूविरुद्ध शरीर तयार करते त्या पदार्थाला, ‘प्रतिपिंड’ म्हणावे की ‘प्रतिद्रव्य’?

पहिली दोन्ही रूपे बरोबर. ‘रोगप्रतिकारक’ हे विशेषण, म्हणून त्यापुढची ‘शक्ती’ सुटी लिहावी. ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा समास, म्हणून सलग.

‘प्रतिबंधक’ मात्र वेगळ्या अर्थाचा शब्द आहे. प्रतिबंध म्हणजे मुळात होऊच न देणे, प्रतिकार म्हणजे चालून आलेल्याला तोंड देणे. शरीर या दोन्ही गोष्टी करते. अखंड त्वचा, श्वासमार्गातला चिकट स्राव, जठरातले आम्ल, जिवाणूंची पेशीभित्तिका फोडणारे अश्रूंतले लायसोझाइम हा झाला प्रतिबंध. जंतू ही वेस ओलांडून आत आला की प्रतिकार सुरू होतो. जागा लाल होते, सुजते, ताप येतो, पांढऱ्या पेशी तिथे जमतात. १८८२मध्ये एली मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला, तेव्हा काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींची कल्पना यातूनच पुढे आली. या सगळ्याला ‘प्रतिकार’ हाच शब्द नेमका बसतो. ‘रोगप्रतिबंधक’ हे विशेषण लसीला द्यावे, कारण ती रोग होण्याआधी घ्यायची असते. गंमत अशी की लस काम करते ती प्रतिकाराच्याच वाटेने : ती शरीराला जंतूची ओळख करून देते आणि ती ओळख स्मृतिपेशी जपून ठेवतात.

मला खरा खटकतो तो ‘शक्ती’ हा शब्द. त्यामुळे शरीरात एकच साठा आहे आणि तो जितका वाढेल तितका चांगला, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. गोवराविरुद्धचे प्रतिपिंड इन्फ्लुएंझाला अडवत नाहीत. ॲलर्जीत शरीर निरुपद्रवी परागकणांवर तुटून पडते. टाइप १ मधुमेहात स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. तिथे जोर कमी पडलेला नसतो, आपले-परके ओळखण्यात चूक झालेली असते. बोलताना ‘प्रतिकारशक्ती’ खुशाल म्हणावे. शास्त्रीय लेखनात मात्र ‘प्रतिकार यंत्रणा’ मला जास्त प्रामाणिक वाटते.

आता प्रतिपिंड. धनुर्वाताच्या विषाविरुद्ध प्रतिकार कमावलेल्या प्राण्याचे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव) दुसऱ्या प्राण्याला दिले तर त्यालाही संरक्षण मिळते, हे एमिल फॉन बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९०मध्ये दाखवले. सीरममध्ये असे काय आहे, हे कोणी पाहिले नव्हते. त्या अज्ञात गोष्टीसाठी पॉल एर्लिख यांनी १८९१मध्ये जर्मन ‘आंटिक्योर्पर’ हा शब्द वापरला. ‘क्योर्पर’ म्हणजे देह किंवा पदार्थ. आपल्या ‘पिंड’ शब्दातही देह आणि गोळा हे दोन्ही अर्थ आहेत (‘पिंडी ते ब्रह्मांडी’मधला पिंड), त्यामुळे ‘प्रतिपिंड’ मुळाला धरून आहे. प्रत्यक्षात प्रतिपिंड म्हणजे रोमन ‘वाय’च्या आकाराचा प्रथिनाचा रेणू. त्या दृष्टीने ‘प्रतिद्रव्य’ही चुकीचे नाही आणि वर्तमानपत्रांत ते चांगले रुळलेही आहे. पण भौतिकीत अँटिमॅटरलाही प्रतिद्रव्य म्हणतात, म्हणून माझा कौल प्रतिपिंडाला.

जोडीचा ‘प्रतिजन’ (अँटिजेन) हा शब्द तर हमखास फसवतो. ‘प्रतिदिन’, ‘प्रतिव्यक्ती’ यांच्या वळणाने त्याचा अर्थ ‘दर माणशी’ असा वाटतो. इथला ‘जन’ म्हणजे लोक नव्हेत. तो ‘जन्’ म्हणजे उत्पन्न करणे या धातूतला. ज्याच्यामुळे शरीरात प्रतिपिंड उत्पन्न होतात तो प्रतिजन, उदाहरणार्थ विषाणूच्या पृष्ठभागावरचे एखादे प्रथिन. ‘अँटिजेन’मधला ग्रीक ‘जेन’ही याच जुन्या मुळाचा.

‘प्रतिजैविक’ मात्र या कुटुंबातले नाही. ते अँटिबायोटिक, म्हणजे बाहेरून घ्यायचे औषध. शरीर ते तयार करत नाही आणि विषाणूंवर ते चालतही नाही. ‘शरीरात प्रतिजैविके तयार झाली’ असे कुठे लिहिलेले आढळले, तर तिथे ‘प्रतिपिंडे’ किंवा ‘प्रतिद्रव्ये’ हवे आहे असे समजावे.