समुद्राचा आणि मागाचा काय संबंध?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. भूगोलाच्या प्रकल्पासाठी तिने मेक्सिकोचं वाहाका राज्य घेतलंय. राज्य किनाऱ्यावरचं, पण जिथे बघावं तिथे विणकामाचीच माहिती. समुद्राचा आणि मागाचा काय संबंध?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, आमच्या घरी सूत रंगवायचं काम होतं. वडिलांच्या नखांतला निळा रंग सणावारालाही निघत नसे. त्यामुळे हा प्रश्न वाचून फार आनंद झाला.

वाहाका मेक्सिकोच्या दक्षिणेला, प्रशांत महासागरावर आहे. किनाऱ्याला लागूनच डोंगर उभे, म्हणून खोऱ्याखोऱ्यांत वेगळी बोली आणि वेगळं कापड टिकलं. कॉफी, मेस्कल नावाची दारू, सालिना क्रूझचं बंदर आणि तिथला तेलशुद्धीकरण कारखाना, हे अर्थकारणात लिहा.

आता समुद्र. पिनोतेपा दे दोन लुईस गावचे मिश्तेक या तिथल्या मूळनिवासी समाजातले रंगारी हिवाळ्यात ओहोटी साधून वातुल्कोच्या खडकांवर उतरतात. तिथली गोगलगाय हळूच सोडवायची, तिने टाकलेला दुधाळ रस ओल्या सुती लडीवर धरायचा आणि तिला परत ओलसर कपारीत ठेवायचं. लडी हवेत आधी पिवळट, मग हिरवी आणि शेवटी जांभळी होते. कढई नाही, चूल नाही! 1980च्या दशकात एका परदेशी कंपनीने अशा गोगलगायी बेसुमार वापरून मारल्या. 1988मध्ये सरकारने त्यांना संरक्षण दिलं आणि रंग काढायचा हक्क पारंपरिक रंगाऱ्यांकडेच ठेवला. हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

याच सुताचं पोसाउआन्को नावाचं लुगडं तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात. त्यात जांभळा समुद्राचा, निळा निळीचा आणि लाल कोचिनील किड्याचा. हा किडा निवडुंगावर वाढतो. एक किलो रंगाला लाखाच्या वर वाळलेले किडे लागतात. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून चांदीखालोखाल याचीच निर्यात होती. तो धंदा हाती यावा म्हणून इंग्रजांनी 1795मध्ये किडे भारतात आणले, पण जात भलतीच निघाली. पुढे याच कुळातल्या किड्याने आपल्याकडचा फड्या निवडुंग बराच संपवला.

अक्कलकोट रोडला शेताच्या बांधावर कुठे निवडुंग राहिला असेल, तर मुलीला घेऊन जा. पानावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर काटे सांभाळून एक नखाने चिरडा. बोट लालभडक होईल. तेच बोट प्रकल्पाच्या कागदावर टेकवू द्या.